घरांतील वाय-फाय : यंत्राची निवड आणि त्याची जागा

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय वाचून, 'हा पेन्शनर मास्तर ह्या भानगडींत कशाला पडला?' असें कोणी म्हटल्यास मला नवल वाटणार नाहीं. मी मॅट्रिक झालेला मनुष्य. माझीं तीन तपें मुलांना अक्षरओळख करून देण्यांत गेलीं. विद्युत्‌शास्त्राचा मी पंडित नव्हे. परंतु गेल्या वर्षीं ह्या विषयाच्या अज्ञानापायीं मीं दोन वेळां पैसे वायां घालविले, आणि त्याहून वाईट म्हणजे घरांतील एका माणसावर अन्याय केला. पुढें थोडें ज्ञान मिळालें, तेव्हां पैशाची चूकही कळली आणि अन्यायही कळला. तें ज्ञान आपल्यापुढें मांडावें, एवढाच ह्या भाषणाचा हेतु आहे.

आमचें घर सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं आहे. पुढें ओसरी, तिच्यामागें माजघर, आणि त्यामागें स्वयंपाकघर. ओसरी व माजघर ह्यांच्यामधील भिंत काळ्या दगडाची, दीड हात रुंद. मागील अंगास पंधरा वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं सिमेंट-काँक्रीटची माडी चढविली. इंटरनेटची फायबर तार घरांत आली, तेव्हां ती बसविणाऱ्या माणसानें दाराशेजारीं, वीज-मीटरजवळच्या फळीवर राउटर ठेवून दिला आणि तो निघून गेला. बहुतेक घरांत यंत्राची जागा अशीच ठरते. तार जेथें आंत शिरते तेथें यंत्र बसतें. माणसें कोठें बसतात, हें कोणी विचारीत नाहीं.

आमची सूनबाई पुण्याच्या एका कचेरीचें हिशेबाचें काम माडीवरील खोलींतून करते. दिवसांतून दोन-तीन वेळां कचेरीची सभा पडद्यावर भरते. सभा रंगांत आली कीं सूनबाईचा आवाज तुटे, चित्र गोठे, आणि ती लॅपटॉप घेऊन धांवत खालीं ओसरीवर येई. मीटरखालीं स्टूल टाकून ती तेथें काम करी. मी तेथेंच वर्तमानपत्र वाचीत बसलेला असें. माझा फोन अगदीं सुरळीत चाले. मला वाटे, एकाच घरांत माझें चालतें आणि हिचें चालत नाहीं, हें कसें? ही कामाची टाळाटाळ तर नव्हे? एकदां तसें मीं बोलूनही दाखविलें. ती कांहीं बोलली नाहीं. पुढें कचेरीचा निरोप आला कीं, घरून काम नीट होत नसेल तर पुण्यास येऊन रहावें. चिरंजीव येथें शेती पहातात. म्हणजे ते येथें, आणि सूनबाई व चार वर्षांची नात पुण्यास, अशी घराचीं दोन दारें होण्याची वेळ आली. तेव्हां कोठें मी जागा झालों.

प्रथम वाय-फाय म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. ज्या विद्युच्चुंबकीय लहरींवर स्वार होऊन आकाशवाणीचा आवाज आपल्या घरीं येतो, त्याच जातीच्या ह्या लहरी आहेत. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस ह्यांनीं अशा लहरी भिंतींतून आरपार पाठवून पलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. लहरी भिंत ओलांडतात, हें खरें. परंतु प्रत्येक भिंतीच्या नाक्यावर त्यांना जकात द्यावी लागते, हें आपण विसरतों. लांकडी दार किंवा पातळ फळी ह्यांची जकात थोडी. विटांच्या भिंतीची त्याहून अधिक. जाड दगडी भिंत आणि लोखंडी सळया घातलेलें काँक्रीट ह्यांची जकात फार मोठी. लोखंडी कपाट व मोठा आरसा लहरींना मागें परतवितात, आणि पाण्याची टांकी किंवा ओल धरलेली भिंत त्यांना गिळून टाकते.

घरगुती वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहरीची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहर सुमारें ६ सेंटिमीटरची, म्हणजे तीन बोटांची. पहिली अधिक दूर जाते व भिंतीस कमी दबते. पण तो रस्ता अरुंद असून त्यावर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी ह्यांची गर्दी असते. दुसरीचा रस्ता रुंद व वेगाचा, पण जाड भिंतीपुढें ती लौकर हार खाते.

आतां माझी पहिली चूक सांगतों. रेंज कमी पडते, म्हणजे यंत्र दुबळें आहे, असें समजून मीं बाजारांतून सहा लांब अँटेनांचा एक भारदस्त राउटर आणला. ओसरीवर वेग वाढला. माडीवर पूर्वीचेंच रडगाणें. असें कां व्हावें?

शाळेचेंच उदाहरण घेऊं. वर्गांत मास्तर मोठ्यानें बोलले, तर मागच्या बांकावरील मुलास ऐकूं जातें. पण तो मुलगा हळू आवाजाचा असेल, तर त्याचें उत्तर मास्तरांपर्यंत पोंचत नाहीं. मास्तरांनीं कर्णा आणला, म्हणून मुलाचा आवाज वाढत नाहीं. राउटर म्हणजे मास्तर आणि फोन म्हणजे तो मुलगा. फोनची बॅटरी लहान, अँटेना आंत दडलेली. त्यामुळें त्याचा आवाज सामान्यतः राउटरहून लहान असतो. फोनवर रेंजच्या कांड्या दिसतात आणि तरीही बोलणें तुटतें, ह्याचें पुष्कळदां हेंच कारण असतें. त्या कांड्या मास्तरांचा आवाज मोजतात. मुलाचा मोजीत नाहींत. वाय-फाय हें भाषण नसून संभाषण आहे, ही गोष्ट ज्यास कळली त्यास निम्मा विषय कळला.

अँटेनांविषयींही एक गैरसमज आहे. लांब दांडीची अँटेना नवी शक्ति निर्माण करीत नाहीं; आहे तीच शक्ति ती आडव्या दिशेस अधिक व वर-खालीं कमी पसरविते. म्हणजे उभ्या अँटेना लावून माडीवरील खोलीची अपेक्षा करणें, हें मीं उलटेंच केलें होतें. शिवाय ह्या यंत्रांच्या शक्तीस कायद्याची मर्यादा असते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतांत २००५ सालीं परवान्याशिवाय वापरण्यास मोकळा झाला, तो ह्या मर्यादेसहच. तेव्हां अफाट शक्तीच्या राउटरच्या जाहिरातींत फारसा अर्थ नाहीं.

वर्गाचा दुसराही एक नियम येथें लागू पडतो. एका वेळीं एकानेंच बोलावें. एकाच वाहिनीवरील यंत्रें मूलतः आळीपाळीनेंच बोलतात. जवळचें यंत्र झरझर बोलून जागा मोकळी करतें. दूरच्या, क्षीण आवाजाच्या यंत्रास मात्र तोच मजकूर सावकाश, एकेक अक्षर लावून सांगावा लागतो, आणि तोंवर बाकीचे खोळंबतात. म्हणून घराच्या एका कोपऱ्यांतील वाईट रेंज ही त्या कोपऱ्यापुरती आपत्ति नसते. सूनबाईच्या लॅपटॉपची अडचण सर्व घराचा वेग खात होती.

दुसरी चूक रिपीटरची. भिंतींतील प्लगला लावण्याचें तें छोटें यंत्र मीं आणलें आणि माडीवर, जेथें रेंज नव्हती तेथेंच, नेऊन बसविलें. फोनवर कांड्या भरून दिसूं लागल्या आणि मी खूष झालों. पण सभा तुटावयाची ती तुटतच राहिली. जेथें मास्तरांचा आवाजच पोंचत नाहीं, तेथें निरोप्या उभा करून काय उपयोग? तो सांगणार तरी काय? रिपीटर लावावयाचाच, तर तो वाटेंत मध्यावर, जेथें रेंज अद्याप चांगली आहे तेथें लावावा. तरीही साधा रिपीटर एकच पट्टा वापरून निरोप ऐकतो आणि पुन्हां सांगतो. प्रत्येक गोष्ट दोनदां बोलली गेल्यामुळें वेग सुमारें निम्म्यावर येतो.

दोन वेळां तोंड पोळल्यावर, पाटी कोरी करून मुलाप्रमाणें शिकावयाचें असें मीं ठरविलें. पुढील तीन पायऱ्या कोणाही गृहस्थास जमण्यासारख्या आहेत.

पहिली पायरी : दोष हवेंत आहे कीं तारेंत, हें आधीं पहावें. लॅपटॉप तारेनें थेट राउटरला जोडून तासभर काम करून पहावें. तेथेंही खंड पडला, तर दोष बाहेरून येणाऱ्या पुरवठ्याचा. मग नवीन यंत्र घेऊन उपयोग नाहीं. आमच्या येथें तारेवर काम अखंड चाललें. म्हणजे ज्या कंपनीच्या माणसाशीं मी तीन वेळां भांडलों होतों, तो निर्दोष ठरला.

दुसरी पायरी : घराचा नकाशा काढून रेंज मोजावी. साध्या फोनमध्येंही रेंजचा आंकडा दाखविणारें एखादें मोफत अ‍ॅप घेतां येतें. तो आंकडा वजा चिन्हाचा असतो. शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. वजा ६० पर्यंत उत्तम. वजा ६७ पर्यंत बोलणें व चित्र सहसा सुरळीत चालतें. वजा ७५ च्या पुढें ओढाताण, आणि वजा ८० च्या पलीकडे भरंवसा ठेवूं नये. ह्या मोजणींत दहा अंकांचा फरक म्हणजे शक्तींत दहापट फरक, हें ध्यानांत असावें. आमच्या ओसरीवर वजा ४२ भरले. भिंत ओलांडून माजघरांत गेलों तों वजा ६४. स्वयंपाकघरांत वजा ७८. माडीवर सूनबाईच्या टेबलापाशीं वजा ८३.

ओसरी व माडी ह्यांच्यामधील फरक ४१ अंकांचा, म्हणजे लहर दहा हजार पटींहून अधिक क्षीण झालेली. तो कागद हातांत घेऊन मी जिन्यावर बराच वेळ उभा राहिलों. सूनबाई महिनोन्‌महिने खरेंच सांगत होती, आणि मी ओसरीवर बसून तिच्या खोलीचा निकाल देत होतों.

तिसरी पायरी फुकटची आहे : आहे त्या यंत्राची जागा बदलून पहावी. राउटर कपाटामागें, टीव्हीच्या पाठीशीं किंवा जमिनीवर ठेवूं नये. तो उंच, मोकळा व होईल तितका घराच्या मध्यावर असावा. पुष्कळशा दोन-तीन खोल्यांच्या घरांत एवढ्यानेंच काम भागतें आणि एक पैही खर्चावी लागत नाहीं. आमच्या येथें दगडी भिंतीपुढें हा उपाय अपुरा पडला.

मग खरा उपाय कोणता? जुन्या घरांत वीज नव्हती, तेव्हां आपण ओसरीवर एकच प्रचंड दिवा लावून त्याच्या उजेडांत माजघरांत स्वयंपाक करीत नसूं. प्रत्येक खोलींत लहानसा कंदील असे. वाय-फायचेंही तसेंच आहे. एका दांडग्या यंत्राऐवजीं साधींच दोन-तीन यंत्रें, जेथें माणसें बसतात तेथें ठेवावीं, आणि तीं एकमेकांस तारेनें जोडावीं. अशा यंत्रास अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. राउटर हा घराचा कारभारी; तो बाहेरच्या जगाशीं व्यवहार करतो आणि प्रत्येक फोनला पत्ता देतो. अ‍ॅक्सेस पॉइंटला तो कारभार नाहीं. तारेंतून आलेला मजकूर हवेंत सोडावा आणि हवेंतला तारेंत घ्यावा, एवढेंच त्याचें काम. निरोप तारेंतून जात असल्यामुळें रिपीटरप्रमाणें दोनदां बोलावें लागत नाहीं, आणि दगडी भिंतीची जकातही चुकते.

किती यंत्रें लागतील, हें खोक्यावर छापलेल्या चौरस फुटांवरून ठरवूं नये. तो आंकडा आपल्या घराच्या भिंती पाहून छापलेला नसतो. आपण भिंती मोजाव्या. एक विटांची भिंत ओलांडून काम भागतें. दोन जाड भिंती किंवा एक भिंत व एक स्लॅब ह्यांच्या पलीकडे एका यंत्राकडून अपेक्षा धरूं नये. आम्हीं ओसरीवरील राउटर तसाच ठेवला. एक अ‍ॅक्सेस पॉइंट माजघर व स्वयंपाकघर ह्यांच्यामधील दारावर उंच बसविला आणि दुसरा माडीच्या छताला.

तारेविषयीं दोन शब्द. कॅट-६ जातीची, आठ धाग्यांची तार घ्यावी आणि ती शुद्ध तांब्याची आहे, हें दुकानदाराकडून लिहून घ्यावें. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. पण ती लौकर मोडते आणि तिच्यांतून वीज नेणें धोक्याचें. ही तार १०० मीटरपर्यंत चालते. घरास तेवढें पुष्कळ. ती विजेच्या तारांच्या नळींतून नेऊं नये, निराळी नळी घालावी. आमच्या वायरमननें दगडी भिंत फोडली नाहीं. आढ्याजवळच्या जुन्या झरोक्यांतून तार पार केली.

आतां यंत्र निवडतांना काय पहावें? खोक्यावर 'एएक्स ३०००' असा मोठा आंकडा असतो. तो सर्व पट्ट्यांच्या कागदावरील कमाल वेगांची बेरीज आहे. एका पट्ट्याचे ५७४ व दुसऱ्याचे २४०२ मिळून ते सुमारें ३००० होतात. आपला फोन एका वेळीं सामान्यतः एकाच पट्ट्यावर बोलतो. तेव्हां ह्या बेरजेस भुलूं नये. वाय-फायच्या सहाव्या पिढीचें मानक २०२१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि सातव्या पिढीचीं यंत्रें २०२४ पासून प्रमाणित होऊं लागलीं. घरगुती कामास सहावी पिढी उत्तम चालते. सातव्या पिढीचे पैसे मोजावयाचे, तर आपले फोनही त्या पिढीचे हवेत. नाहींपेक्षां मास्तर संस्कृत बोलणार आणि मुलें बाराखडींत, अशी स्थिति होते.

त्यापेक्षां पुढील गोष्टी पहाव्या. दोन्ही पट्टे असावे. तारेचें पोर्ट एक गिगाबिटचें असावें. स्वस्त यंत्रांत तें १०० मेगाबिटचें असतें आणि मग हवेंतला सारा वेग त्या अरुंद दारांत अडतो. तारेंतूनच वीज घेण्याची सोय, जिला पीओई म्हणतात, ती असावी. म्हणजे छताजवळ प्लग लागत नाहीं. पीओई पुरविणारी पेटी इन्व्हर्टरवर ठेवली, कीं लाइट गेले तरी सर्व यंत्रें चालू रहातात. आमच्या गांवीं ही सोय चैनीची नाहीं. सुरक्षिततेसाठीं डब्ल्यूपीए-३, निदान डब्ल्यूपीए-२, असावें. आणि यंत्राची कंपनी त्याच्या सॉफ्टवेअरची डागडुजी वेळोवेळीं करते कीं नाहीं, हेंही विचारावें.

घरांत जुना राउटर पडलेला असेल, तर पुष्कळदां तोही अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरतां येतो. मात्र त्याच्या सेटिंगमध्यें जाऊन तो त्या कामास लावला पाहिजे. नाहीं तर एका घरांत दोन कारभारी होतात, दोघेही पत्ते वांटतात, आणि घोटाळा होतो.

बसवितांना सर्व यंत्रांस एकच नांव व एकच पासवर्ड द्यावा, म्हणजे माणूस खोल्यांतून फिरला तरी फोन आपोआप जवळचें यंत्र धरूं शकतो. वाहिन्या मात्र निराळ्या द्याव्या. २.४ गिगाहर्ट्झमध्यें १, ६ व ११ ह्या तीन वाहिन्या एकमेकींच्या अंगावर येत नाहींत. त्या वांटून द्याव्या. आणखी एक उलट वाटणारी गोष्ट : यंत्रांचा आवाज थोडा कमी करावा. तो फार मोठा असला, तर माडीवर गेलेला फोनही ओसरीच्या यंत्रालाच चिकटून रहातो. कारण कोणतें यंत्र धरावयाचें, हें शेवटीं फोन ठरवितो.

जे भाड्याच्या घरांत रहातात आणि ज्यांना तार ओढतां येत नाहीं, त्यांनीं 'मेश' नांवाचा यंत्रांचा संच घ्यावा. त्यांतल्या त्यांत, यंत्रांच्या आपसांतील बोलण्यास निराळा पट्टा राखून ठेवलेला संच बरा. तो बसवितांना रिपीटरचाच नियम पाळावा : दुसरें यंत्र अंधाऱ्या खोलींत न ठेवतां तिच्या अलीकडे, रेंज चांगली असेल तेथें ठेवावें. आणि पुढें कधीं घर बांधाल, तर प्रत्येक मजल्यावर एक रिकामी नळी छतापर्यंत नेऊन ठेवा. ती नळी पुढील कित्येक पिढ्यांच्या यंत्रांस उपयोगीं पडेल.

सर्व झाल्यावर मीं तोच नकाशा घेऊन पुन्हां घर फिरलों. स्वयंपाकघरांत वजा ५५ भरले. माडीवर, सूनबाईच्या टेबलापाशीं, वजा ४८. त्या आठवड्याची कचेरीची सभा दीड तास चालली आणि एकदांही तुटली नाहीं. पुण्यास जाण्याची गोष्ट त्यानंतर निघाली नाहीं. संध्याकाळीं मीं सूनबाईस म्हटलें, "चूक माझी होती. मोजल्यावांचून बोललों." ती म्हणाली, "मामा, मग ओसरीवरचें स्टूल परत स्वयंपाकघरांत नेऊं ना?" मीं तें स्वतः उचलून नेलें.

श्रोतेहो, माझें सांगणें थोडक्यांत इतकेंच आहे. आधीं तपासावें, मग मोजावें, मग जागा बदलून पहावी, आणि त्यानंतरच पैसे काढावे. पैसे काढल्यावर ते एका मोठ्या यंत्रांत घालण्यापेक्षां तारेंत व दोन लहान यंत्रांत घालावे. आणि मोजणीस निघतांना आपल्या खुर्चीपासून न निघतां, घरांत ज्याची तक्रार आहे त्याच्या खुर्चीपासून निघावें.